वैनगंगेच्या खोऱ्यातून निवांत सायकलप्रवास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूर्व विदर्भातील भंडारा ते मंदिरांचे गाव मार्कंडा हा वैनगंगेकाठचा प्रवास सायकलने करू इच्छिणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एकाच विषयाचा संबंध दोन ठिकाणी आला असेल, तर तपशील एकाच उत्तरात देऊन दुसरीकडे त्या प्रश्नाचा क्रमांक नोंदवला आहे.

१. हा मार्ग नेमका कोणता आणि किती लांबीचा आहे?

भंडारा, अड्याळ, पवनी, लाखांदूर, वडसा (देसाईगंज), आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी आणि मार्कंडा असा हा मार्ग असून त्याची लांबी सुमारे २०० किलोमीटर भरते. अंभोरा आणि वैरागड ही दोन वळणे घेतल्यास त्यात आणखी काही किलोमीटरांची भर पडते. वैनगंगा मध्य प्रदेशातील शिवनी जिल्ह्यात मुंडारा येथे उगम पावते आणि सुमारे ५८० किलोमीटर वाहून गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याजवळ वर्धेला मिळते. तेथून पुढे या संयुक्त प्रवाहाला प्राणहिता म्हणतात. आपला मार्ग म्हणजे या नदीचा मधला, धानाचा आणि तलावांचा टप्पा होय. रस्ता सतत नदीच्या काठाने जात नाही, हे आधीच लक्षात घ्यावे. नदी कधी पुलावरून, कधी एखाद्या घाटावरून, तर कधी एखाद्या पांदणीने (शेतांमधल्या गाडीवाटेने) आत गेल्यावरच भेटते. नदी सतत डोळ्यांसमोर असावी अशी अपेक्षा ठेवून येणाऱ्यांची निराशा होते; खोरे पाहायला येणाऱ्यांची होत नाही.

२. दोनशे किलोमीटर तर दोन दिवसांत होतात. मग पाच-सहा दिवस कशासाठी सांगता?

सराव असलेला सायकलस्वार हे अंतर दोन दिवसांत सहज कापू शकतो, कारण रस्ता जवळजवळ सपाट आहे. परंतु तसे केल्यास पवनीचा कोट, तलावांच्या पाळी (मातीचे बांध), कोशाचे (टसर रेशमाचे) माग आणि नदीचे घाट यांपैकी काहीच वाट्याला येत नाही. या खोऱ्यातील जुन्या गोष्टी तिकीट काढून पाहण्याच्या जागी एकवटलेल्या नाहीत. त्या शेतांत, वस्त्यांत आणि गावच्या बोलण्यात विखुरलेल्या आहेत आणि त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी थांबावेच लागते. म्हणून दिवसाला ३५ ते ४५ किलोमीटर, सकाळी ऊन चढेपर्यंत सायकल आणि दुपारनंतर गाव, असा क्रम आम्ही आग्रहाने सुचवतो. पवनीसाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवावा, त्या दिवशी पुढे निघूच नये.

३. वर्षातला कोणता काळ चांगला?

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा. या काळात दिवस कोरडे आणि सौम्य असतात, तलाव भरलेले असतात, स्थलांतरित पक्षी आलेले असतात आणि धानाची कापणी व मळणी सुरू असल्यामुळे खोरे जागे असते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे बांध्यांवर (धानाच्या शेतांवर) धुके उतरते आणि रस्त्यावर थोड्याच अंतरापलीकडचे दिसत नाही. अशा दिवशी धुके विरेपर्यंत निघू नये. सकाळची थंडी चांगलीच बोचरी असते, त्यामुळे हातमोजे आणि वारा अडवणारे जॅकेट जवळ असावे.

मार्चपासून ऊन झपाट्याने वाढते. ब्रह्मपुरी हे देशातील सर्वांत तप्त ठिकाणांच्या यादीत वारंवार येणारे गाव याच खोऱ्यात असून मे महिन्यात तेथील पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. एप्रिल आणि मे या महिन्यांत हा प्रवास करूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलांचा आणि मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम असतो, त्याचा संबंध वन्यप्राण्यांशीही आहे (प्रश्न १५ पाहावा). पावसाळ्याविषयी प्रश्न २० मध्ये स्वतंत्र लिहिले आहे.

४. भंडाऱ्याकडून मार्कंड्याकडे जावे की उलट?

भंडाऱ्याकडूनच. हिवाळ्यात या भागातील वारा बहुतेक वेळा उत्तरेकडून किंवा ईशान्येकडून येतो, म्हणजे तो पाठीशी राहतो. नदीही दक्षिणेकडे उतरत जाते, मात्र हा उतार इतका मंद आहे की पायांना तो जाणवत नाही.

५. कोणती सायकल लागते? साधी चालेल का?

गिअर नसलेली साधी सायकलही चालेल, कारण घाटरस्ता नाही. खरी गरज रुंद टायरांची आहे. मुख्य रस्ते डांबरी किंवा सिमेंटचे असले, तरी गावाकडे आणि नदीकडे वळणारे रस्ते मुरमाचे असतात, पांदणीत बैलबंडीच्या चाकोऱ्या खोल गेलेल्या असतात आणि घाटाजवळ रेती लागते. ३५ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर असल्यास या तिन्हींतून निभाव लागतो. अरुंद टायरांच्या शर्यतीच्या सायकली आणल्यास आपण मुख्य रस्त्याला बांधले जाल आणि मग प्रवासाचा अर्थच उरणार नाही. मडगार्ड, घंटी, मागचा लाल दिवा आणि पुढचा प्रखर दिवा असावा. सामान पाठीवर न घेता कॅरिअरवर दोन्ही बाजूंना विभागून बांधावे.

६. वाटेत पंक्चर काढून मिळते का?

बहुतेक मोठ्या गावांत सायकल दुरुस्तीचे दुकान आहे आणि कारागीर हाताने निपुण आहेत. अडचण येते ती सुट्या भागांची. येथे रोजच्या वापरातल्या सायकलींच्या ट्यूब सहज मिळतात. परदेशी धाटणीच्या बारीक वॉल्व्हच्या किंवा ७०० मापाच्या ट्यूब मिळत नाहीत आणि दुकानातला पंप त्या वॉल्व्हला बसतही नाही. म्हणून दोन जादा ट्यूब, वॉल्व्ह ॲडॅप्टर, लहान पंप, पॅच व सोल्युशन, ब्रेक पॅडची जोडी आणि साखळीची कडी एवढे सोबत घ्यावेच. बाभळीचे काटे आणि सराटे हे येथील पंक्चरचे प्रमुख कारण आहे. सायकल कुंपणाच्या काट्यांवर टेकवून ठेवू नये. सावलीसाठी बाभळीपेक्षा आंबा किंवा चिंच निवडावी.

७. सायकल घेऊन भंडाऱ्याला कसे पोहोचायचे आणि मार्कंड्याहून परत कसे यायचे?

मुंबई–हावडा मार्गावरील ‘भंडारा रोड’ हे स्थानक वरठी येथे असून तेथून शहर सुमारे दहा किलोमीटरवर आहे. रेल्वेने सायकल पार्सल कार्यालयात नोंदवून मालडब्यातून नेता येते. मात्र थोडा वेळ थांबणाऱ्या स्थानकांवर ती चढवणे-उतरवणे होईलच असे नसते. त्यामुळे दूरहून येणाऱ्यांनी सायकल नागपूरपर्यंत नोंदवावी, हे अधिक निर्धोक आहे. नागपूर ते भंडारा हा सुमारे ६० किलोमीटरचा महामार्ग अवजड वाहनांनी भरलेला असतो आणि निवांत प्रवासाला तो योग्य नाही. तेथे लहान टेम्पो करावा किंवा कुही–अंभोरा या बाजूने यावे (प्रश्न ९).

परतीसाठी चामोर्शीहून हरणघाटच्या पुलावरून वैनगंगा ओलांडून मूल गाठावे. मूल हे गोंदिया–बल्लारशा रेल्वेमार्गावर असून वडसा, ब्रह्मपुरी आणि नागभीड ही स्थानकेही त्याच मार्गावर आहेत. प्रवास अर्धवट सोडण्याची वेळ आली, तर वडसा सर्वांत सोयीचे. एसटीच्या टपावर कॅरिअर असेल तर वाहकाला विचारून, सामानाचे भाडे भरून सायकल नेता येते. सर्वच गाड्यांना आता टपावर कॅरिअर नसतो.

८. पवनीत पाहण्यासारखे काय आहे? नकाशावर तर लहानसे गाव दिसते.

या संपूर्ण मार्गावर एकच ठिकाण पाहायला मिळणार असेल, तर ते पवनी असावे. आजचे तालुक्याचे गाव एका प्राचीन नगरावर वसलेले आहे. गावाला वेढणारा मातीचा कोट आणि त्याला लागून असलेला खंदक आजही बराचसा ओळखू येतो, आणि कोटाच्या बाजूने सायकल सावकाश फिरवल्यास जुन्या नगराचा विस्तार जसा कळतो, तसा तो नकाशावरून कळत नाही.

१९६९-७० मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि नागपूर विद्यापीठ यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा जगन्नाथ टेकडी आणि चांडकापूरची टेकडी या ठिकाणी बौद्ध स्तूपांचे अवशेष उघडकीस आले. जगन्नाथ टेकडीचा स्तूप मौर्यकाळापर्यंत मागे जातो. स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्याचे कोरीव खांब आणि त्यांवरील ब्राह्मी लेख मिळाले. त्यांत बुद्धावर फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाचे शिल्प विशेष प्रसिद्ध आहे. महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचा लेख असलेला स्तंभही पवनीचाच. सातवाहन, क्षत्रप आणि वाकाटक यांच्या काळात हे नगर नदीमार्गावरचे महत्त्वाचे ठाणे होते, याची साक्ष हे सर्व अवशेष देतात.

येथे येणाऱ्यांना एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. सांचीसारखा उभा स्तूप पाहण्याच्या अपेक्षेने येऊ नये. टेकडीवर आज दिसतात ती विटांची आणि मातीची रूपे, आणि कोरीव दगड संग्रहालयांत गेले आहेत. टेकडीवरच्या विटा उचलू नयेत, उतारावरून सायकल चालवू नये आणि कोणी जुनी नाणी विकायला आणली तर घेऊ नयेत. तो गुन्हा आहे आणि नगराचा उरलासुरला पुरावाही त्यामुळे नाहीसा होतो.

नदीकाठचे दगडी घाट आणि मंदिरांची दाटी यांमुळे पवनीला विदर्भाची काशी म्हणतात. (हेच बिरुद मार्कंड्यालाही लावले जाते, दोन्ही गावे त्यावर तितक्याच हक्काने बोलतात.) संध्याकाळ घाटावर घालवावी. गावात कोशाचे विणकाम चालते आणि करवत काठी साडीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. विणकराच्या घरी माग पाहायचा असेल, तर आधी विचारावे, काम अडवू नये आणि शक्य असल्यास खरेदी तेथूनच करावी.

९. अंभोऱ्याचे वळण घेण्यासारखे आहे का?

निश्चितच आहे. कुही तालुक्यातील अंभोऱ्याला वैनगंगा, कन्हान, आंब, मुर्झा आणि कोलारी अशा पाच नद्यांचा संगम मानला जातो आणि टेकडीवर चैतन्येश्वराचे मंदिर आहे. मराठीचे आद्यकवी मुकुंदराज यांनी आपला ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८ मध्ये येथे रचला, अशी विदर्भातील परंपरा आहे. अंबाजोगाईचाही तसा दावा असून अभ्यासकांत त्यावर मतभेद आहेत; वाद बाजूला ठेवला तरी संगमाच्या कड्यावर उभे राहून या परंपरेचे स्मरण करणे मराठी वाचकाला मोलाचे वाटते. २०२४ मध्ये येथे नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांना जोडणारा, दृश्यगॅलरी असलेला मोठा केबलचा पूल खुला झाला. त्यामुळे नागपूरहून कुही, मांढळ, अंभोरा असे येऊन पूल ओलांडून थेट भंडारा जिल्ह्यात उतरता येते. नागपूरहून निघणाऱ्यांसाठी महामार्गापेक्षा हाच आरंभ चांगला. सुट्टीच्या दिवशी पुलावर मोटारींची मोठी गर्दी होते, म्हणून आठवड्याच्या मधला दिवस निवडावा.

१०. वाटेत सारखे लागणारे ते जुने तलाव कोणी बांधले?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, पण आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. स्तूप आणि मंदिरे यांच्याइतकाच हा तलावांचा वारसा मोठा आहे आणि तो आजही कामात आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत असे सात हजारांच्या आसपास तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात येथे वसलेल्या कोहळी समाजाने या बांधकामात विशेष कौशल्य मिळवले. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगितले जाते. पुढे हे तलाव मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात होते. १९५१ मध्ये मालगुजारी संपून ते सरकारकडे आले आणि ‘माजी मालगुजारी तलाव’ किंवा थोडक्यात ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

त्यांची रचना समजून घेतली, तर प्रवासाचा रस दुणावतो. जमिनीचा नैसर्गिक उतार पाहून खालच्या बाजूला मातीची पाळ घालायची, पावसाचे पाणी अडवायचे आणि तुडुमातून (पाणी सोडण्याच्या मोरीतून) ते पाटाने खालच्या बांध्यांत सोडायचे, असे हे तंत्र आहे. एका तलावाचे जादा पाणी खालच्या तलावात आणि तेथून त्याखालच्या बोडीत (लहान तळ्यात) जाते, त्यामुळे एकाच नाल्यावर तलावांची माळ तयार झालेली दिसते. तलावाच्या वर जंगल, मध्ये पाणी, पाळीखाली धान आणि धानाच्या कडेला गाव हा क्रम एकदा लक्षात आला की पुढची गावे आपोआप वाचता येतात. मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे पोट या पाण्यातील मासे आणि शिंगाड्यांवर अवलंबून आहे. आज अनेक तलावांत गाळ साचला आहे, कडेने अतिक्रमणे झाली आहेत आणि बेशरमाची झुडपे माजली आहेत, याचे दुःख वाटल्यावाचून राहत नाही.

पाळीवरून सायकल नेता येते का, असेही विचारले जाते. कोरड्या दिवसांत, वाट रुळलेली असेल तेथे न्यावी. पाळ ओली असताना नेऊ नये, कारण चाकाने पडलेल्या चरातून पुढच्या पावसात पाणी वाट काढते.

११. वैरागड आणि मार्कंडा यांविषयी थोडे सांगाल का?

वैरागड आरमोरीहून आडवाटेला आहे. तेथील हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख ‘ऐन-ए-अकबरी’त आहे. गोंडकालीन किल्ल्याची तटबंदी आणि खंदक आजही पाहता येतात; किल्ल्यात झुडपे दाट आहेत, म्हणून गावातील माणूस सोबत घेऊनच आत जावे.

मार्कंड्याला वैनगंगा उत्तरवाहिनी होते आणि त्या वळणावर दगडी मंदिरांचा समूह उभा आहे. गावात त्यांना हेमाडपंती म्हणण्याचा प्रघात असला, तरी शिखरशैली आणि शिल्पांची घडण पाहता ती यादवकाळाच्या आधीची ठरतात. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३-७४ च्या दौऱ्यात या समूहाची सविस्तर नोंद केली. त्यापूर्वीच वीज पडून मुख्य मंदिराचे मोठे नुकसान झाले होते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने मुख्य मंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम हाती घेतले आणि ते बरेच लांबले, त्यामुळे काही भाग परांचीने वेढलेला किंवा बंद आढळू शकतो. तरीही बाह्य भिंतींवरील शिल्पे सकाळच्या तिरप्या उन्हात पाहण्यासाठी आदल्या रात्री चामोर्शीला मुक्काम करणे योग्य ठरते.

१२. मुक्कामाची सोय कुठे होते?

भंडारा, वडसा, ब्रह्मपुरी आणि गडचिरोली येथे साधी लॉज आहेत. पवनी आणि चामोर्शी येथे पर्याय मोजके आहेत, म्हणून आधी फोन करून जागा ठरवावी. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विश्रामगृहासाठी पूर्वपरवानगी लागते, आणि ती असली तरी ऐनवेळी शासकीय अधिकाऱ्याला प्राधान्य मिळते. लहान गावात अडकल्यास सरपंच किंवा पोलीस पाटील यांना भेटावे. समाजमंदिरात किंवा शाळेच्या व्हरांड्यात झोपण्याची सोय सहसा होते. जंगलालगत किंवा नदीच्या रेतीत तंबू ठोकू नये (कारणे प्रश्न १५ आणि २० मध्ये आहेत).

१३. खाण्यापिण्याचे काय?

सकाळी टपरीवर तर्री-पोहे आणि आलुबोंडे, दुपारी भात, वरण, भाजी आणि जवसाची चटणी हे सर्वत्र मिळते. हा भाताचा मुलूख आहे. भाकरी मागितल्यास मिळेलच असे नाही. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन आहे आणि त्याचा सुवास एकदा घेतल्यावर तो विसरता येत नाही. मासे खाणाऱ्यांनी तलावातील मरळ आणि झिंगे चुकवू नयेत. हिवाळ्याच्या सुरुवातीला रस्त्याच्या कडेला उकडलेले शिंगाडे विकायला बसलेल्या बाया दिसतात. भूक भागवायला त्यासारखे दुसरे काही नाही.

पाण्याबाबत मात्र कडक राहावे. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तेथून वैनगंगेत, म्हणजे पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाच्या जलाशयात येते. त्यामुळे अंभोरा ते पवनी या टप्प्यात नदीचे पाणी पिऊ नये आणि त्यात आंघोळही टाळावी. गावात नळयोजनेचे किंवा शुद्ध पाण्याच्या कॅनचे पाणी घ्यावे आणि दोन-तीन लिटर पाणी सतत सोबत ठेवावे.

१४. झाडीपट्टीचे नाटक वाटेत पाहायला मिळेल का?

दिवाळीनंतर ते होळीपर्यंतच्या हंगामात आलात, तर नक्की मिळेल. या भागाला झाडीपट्टी म्हणतात, येथील बोली झाडीबोली, आणि येथील रंगभूमी लोकांच्या पैशांवर, लोकांच्या प्रेमावर उभी आहे. दंडार आणि खडी गंमत या जुन्या लोकप्रकारांतून ती वाढली. वडसा हे तिचे केंद्र असून नाट्यमंडळांची कार्यालये तेथे आहेत. हंगामात गावातून फिरले तरी फलकांवरून कोणत्या गावी कोणते नाटक आहे हे कळते. ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. गावात मंडई (दिवाळीनंतरची जत्रा) किंवा शंकरपट (बैलांची शर्यत) असला की त्या रात्री नाटक ठरलेलेच असते. प्रयोग रात्री दहाच्या सुमारास सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो, गायन-वादन समोरच होते, आणि प्रेक्षक पांघरूण घेऊन कुटुंबासह येतात. नाटक मुक्कामाच्या गावातच असेल तरच जावे, रात्री सायकलने दुसऱ्या गावी जाऊ नये, आणि दुसरा दिवस विश्रांतीसाठी ठेवावा.

१५. वाघांची भीती किती खरी आहे?

ती खरी आहे आणि तिला हलके लेखू नये. ब्रह्मपुरी आणि वडसा हे वनविभाग मानव-वन्यजीव संघर्षाचे मोठे क्षेत्र असून दर वर्षी येथे माणसे दगावतात. बळी जाणाऱ्यांत सरपणाला, मोहफुले वेचायला किंवा गुरे घेऊन जंगलात गेलेल्या गावकऱ्यांचे प्रमाण मोठे असते. दिवसा वर्दळीच्या रस्त्याने जाणाऱ्या सायकलस्वाराचा धोका त्या मानाने पुष्कळ कमी आहे, मात्र तो कमी राहावा यासाठी काही नियम पाळावेच लागतात.

सूर्योदयानंतर निघावे आणि सूर्यास्ताच्या पुष्कळ आधी मुक्काम गाठावा. जंगलपट्ट्यातून जाताना दोघा-चौघांनी एकत्र, बोलत आणि घंटी वाजवत जावे. कानात इअरफोन घालू नयेत. नाल्याच्या पुलाजवळ किंवा दाट झुडपांशी थांबू नये आणि नैसर्गिक विधीसाठी झुडपात बसू नये, कारण वाकलेली किंवा बसलेली आकृती वाघाला भक्ष्यासारखी दिसते. वाघ रस्त्यावर दिसलाच, तर पाठ फिरवून वेगाने पळ काढू नये. थांबावे, सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये धरावी, नजर न काढता सावकाश मागे यावे आणि मोठे वाहन येईपर्यंत वाट पाहावी. रोज सकाळी चहाच्या टपरीवर पुढच्या रस्त्याची चौकशी करावी. गावकरी नको म्हणाले, तर त्यांच्याशी वाद न घालता बसने पुढे जावे.

मोहाच्या हंगामात अस्वलांचाही वावर वाढतो. २०२१ पासून छत्तीसगडमार्गे आलेला रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीच्या उत्तर भागात फिरत असतो आणि तो भंडारा-गोंदियाकडेही गेलेला आहे; कळप जवळ असल्याचे वनविभागाने जाहीर केले असल्यास तो रस्ता सोडून द्यावा. गावातील कुत्री मागे लागली, तर खाली उतरून सायकल मध्ये धरून चालत पुढे जाणे हा सर्वांत चांगला उपाय आहे.

१६. उमरेड–पवनी–कऱ्हांडला अभयारण्यातून सायकल नेता येते का?

नाही. अभयारण्याच्या पर्यटनक्षेत्रात ठरलेल्या प्रवेशद्वारातून, परवाना घेऊन आणि मार्गदर्शकासह सफारी वाहनानेच जाता येते. सायकल पवनीत मुक्कामी ठेवून सफारी वेगळी करावी. कडेने जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यांना हे बंधन नाही, पण प्रश्न १५ मधील सर्व काळजी तेथे दुप्पट घ्यावी.

१७. गडचिरोली जिल्ह्यात जाणे सुरक्षित आहे का? घरचे घाबरतात.

नक्षल चळवळीचा उपद्रव प्रामुख्याने जिल्ह्याच्या पूर्व आणि दक्षिण भागांत, म्हणजे एटापल्ली, भामरागड, धानोरा या बाजूंना राहिला. वडसा, आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी हा पश्चिमेकडचा, नदीलगतचा पट्टा नेहमीच्या वर्दळीचा आहे. ओळखपत्र जवळ ठेवावे, पोलीस ठाण्यांची आणि चौक्यांची छायाचित्रे घेऊ नयेत, आणि मार्ग सोडून पूर्वेकडील जंगलात जायचे मनात आल्यास आधी स्थानिक पोलिसांना विचारावे.

१८. रस्त्यावर वाहनांचा त्रास कितपत आहे?

रेतीचे टिप्पर आणि धानाचे ट्रक सर्वत्र आढळतात. चामोर्शी परिसरात सुरजागडच्या लोहखनिजाच्या अवजड ट्रकांची भर पडते. तेथे सकाळी लवकरचा टप्पा ठेवावा, भडक रंगाचे जॅकेट घालावे आणि ट्रकमागे ट्रक दिसताच सरळ कडेला उतरून थांबावे.

कापणीनंतर शेतकरी रस्त्याच्या एका बाजूला धान वाळत घालतात. त्यावरून सायकल नेऊ नये. ते कोणाचे तरी वर्षभराचे पीक आहे. त्याला वळसा घालतानाच सर्वाधिक धोका असतो, म्हणून मागून वाहन येत असेल तर आधी थांबावे आणि वाट मोकळी झाल्यावरच पुढे जावे.

१९. पूल दूर असेल तर डोंग्यातून सायकलसह नदी ओलांडता येईल का?

काही घाटांवर तशी वाहतूक चालते, परंतु आम्ही ती सुचवत नाही. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ मिरची तोडायला निघालेल्या मजूर महिलांची नाव वैनगंगेत उलटून त्यांतील अनेकींचा मृत्यू झाला. ज्यांना दुसरा मार्ग नाही, त्यांच्यावर ही जोखीम परिस्थितीने लादली आहे. आपल्याला हौसेसाठी ती घेण्याचे कारण नाही. लाखांदूरच्या पुढे आपला मार्ग डाव्या तीरानेच जातो, त्यामुळे परतीपर्यंत नदी ओलांडण्याची गरजही पडत नाही. ओलांडायचीच झाली तर वडसा–ब्रह्मपुरी, आरमोरी–ब्रह्मपुरी, गडचिरोली–मूल आणि हरणघाट येथे पूल आहेत.

२०. पावसाळ्यात खोरे हिरवेगार असते. तेव्हा आले तर?

रोवणीच्या (धानाच्या लावणीच्या) दिवसांतले हे खोरे अतिशय सुंदर दिसते, यात शंका नाही. पण येथे पाऊस भरपूर पडतो आणि वैनगंगेचा पूर केवळ स्थानिक पावसावर अवलंबून नसतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवर या वैनगंगेवरच्याच धरणातून सोडलेले पाणी आणि गोसीखुर्दचा विसर्ग यांमुळे ब्रह्मपुरी आणि वडसा भागांतील अनेक गावे पाण्याखाली गेली. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली आणि त्याला ३३ दरवाजे आहेत. ते उघडले की खालच्या गावांत आभाळ कोरडे असतानाही नदी चढते आणि आरमोरी–ब्रह्मपुरीसारखा मार्ग बंद पडू शकतो. चामोर्शीजवळच्या चिचडोह बॅरेजखालीही हीच सावधगिरी हवी.

तरीही यायचेच असेल तर भंडारा ते पवनी एवढाच टप्पा करावा, जिल्हा प्रशासनाच्या सूचना रोज पाहाव्यात आणि रपट्यावरून (ठेंगण्या पुलावरून) पाणी वाहत असताना, ते घोट्याएवढे असले तरी, पलीकडे जाऊ नये. धरणाच्या परिसरात विस्थापित कुटुंबांच्या नव्या वसाहती लागतात. ज्यांची घरे आणि शेते जलाशयाखाली गेली, अशी माणसे तेथे राहतात. जलाशयाच्या सौंदर्याची वर्णने त्यांच्यासमोर करू नयेत.

२१. एकट्या स्त्रीने हा प्रवास करावा का?

अनेक जणी विचारतात. दिवसा गावांत आदराने वागवले जाते आणि ‘ताई, कुठून आल्या?’ या प्रश्नापलीकडे सहसा त्रास होत नाही. परंतु जंगलपट्ट्यांत एकटे जाऊ नये हा नियम स्त्री-पुरुष दोघांनाही सारखाच लागू आहे. सोबत मिळत नसेल तर भंडारा ते पवनी स्वतंत्रपणे करावे आणि वडशापासून पुढे दोघी-तिघींचा गट जमवावा. मुक्कामी बचत गटाच्या किंवा अंगणवाडीच्या ताईंशी ओळख काढावी. गावाची दारे त्यांच्यामुळे लवकर उघडतात.

२२. मुले, ज्येष्ठ नागरिक किंवा विजेवरची सायकल?

बारा वर्षांपुढच्या, सराव असलेल्या मुलांना भंडारा–पवनी टप्पा जमतो. ज्येष्ठांनी दिवसाचे अंतर २५ किलोमीटरवर आणावे. विजेवरची सायकल चालेल, मात्र भारनियमन आणि खंडित वीजपुरवठा गृहीत धरून बॅटरी रात्री मुक्कामी पूर्ण भरून घ्यावी.

२३. महाशिवरात्रीची मार्कंड्याची जत्रा गाठून प्रवास आखता येईल का?

येईल, परंतु नेहमीच्या आखणीला तो अपवाद ठरतो. महाशिवरात्र फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत केव्हाही येते, म्हणजे ऊन वाढलेले असते. रोजचा टप्पा सकाळी दहापर्यंत संपवावा. जत्रेच्या दिवसांत विदर्भातून आणि शेजारच्या राज्यांतूनही मोठ्या संख्येने भाविक येतात, एसटी जादा गाड्या सोडते आणि चामोर्शी–मार्कंडा रस्ता वाहनांनी भरून जातो. अशा वेळी सायकल चामोर्शीत ओळखीच्या ठिकाणी कुलूप लावून ठेवावी आणि पुढे एसटीने किंवा पायी जावे. शिल्पे निवांत पाहायची असतील, तर जत्रा पूर्ण पांगल्यानंतर जावे. चामोर्शीची मुक्कामाची जागा या दिवसांसाठी महिनाभर आधी ठरवावी. ती न मिळाल्यास गडचिरोलीला राहावे आणि परतीसाठी मूलऐवजी वडशाची गाडी धरावी, कारण हरणघाटच्या बाजूलाही त्या दिवसांत भाविकांची गर्दी असते.